सव्वादोनचं माप

सकाळी अकराला केतकीच्या रक्ताचा रिपोर्ट आला. तान्हेपणी टोचलेल्या हिपॅटायटिस बीच्या लशीची प्रतिपिंडं पंधराव्या वर्षी जेमतेम उरली होती.

वॉर्डातल्या खाटेवरून तिच्या वडिलांनी बांगड्या भरायला पुढे केलेला हात मागे घेतला. ते कासार, पण स्वतःला हाच आजार असल्याचं कळल्यापासून कुणालाच बांगड्या भरत नव्हते. काच फुटली की भरणारा नि भरून घेणारी, दोघांच्याही हातांतून रक्त येतं. आता त्यांचं यकृत निकामी झालं होतं.

“गावातल्या समस्त पोरींना भरल्यात, आप्पा. मीच काय घोडं मारलंय?” केतकीने हिरव्या बांगड्या समोर धरल्या.

“प्रतिपिंडं घटली तरी शरीर ती लस सहसा विसरत नाही,” डॉक्टर म्हणाल्या. “एक डोस देते. महिन्याने तपासू, मग खात्रीने सांगेन.”

आप्पांनी केतकीचा पंजा दाबून पाहिला. “सव्वादोन. महिन्याने मीच भरतो. तोवर जाड होऊ नकोस.”

केतकी हसली. खाटेशी उभ्या आईला डॉक्टरांनी कालच आप्पांची आठवड्याची मुदत सांगितली होती. आई खिडकीकडे वळली.

बाराला केतकीने इंजेक्शन घेतलं. बांगड्या अजून दोऱ्यात बांधलेल्या, आप्पांच्या उशाशी आहेत.