खांड

भांडायला निघताना विनेश कधी चप्पल घालत नाही, ही नीराबाईची जुनी तक्रार. "दुसऱ्यांचा राग डोक्यात जातो, याचा सरळ पायात उतरतो," असं ती सुनेला येता-जाता ऐकवायची. अंगठा पट्ट्यात घालेपर्यंत बायबलातलं एक वचन म्हणून होतं. एवढंही लेकाला जमू नये?

आज चप्पल उंबऱ्याशी पडली होती आणि पडवीतलं फावडं जागेवर नव्हतं.

"कुठं गेला?"

"बांधावर," भाविका म्हणाली. "काळूदादांच्या तळ्याचं खारं पाणी झिरपलंय. आपलं कडेचं भात तांबडं पडलं. ते बघून आले, फावडं घेतलं नि गेले."

नीराबाईनं चप्पल उचलली आणि तशीच निघाली. अवसेचं उधाण होतं. दुपारची भरती चढत होती.

बांधाच्या एका अंगाला खाडी. दुसऱ्या अंगाला काळूरामचं जिताडा माशांचं तळं, आणि तळ्याच्या गुडघाभर काठामागं अख्ख्या गावाचं भात. विनेश खाली वाकून बांध कापत होता.

"विनेश. चप्पल."

"आई, मधी पडू नको. त्याचे मासे जाऊ देत खाडीत. नुकसान म्हंजे काय ते कळू दे त्याला."

"शलमोन राजा काय सांगून गेला?"

"शलमोन राजाची खारजमीन न्हाय हितं."

"खार त्याला माहीत असणार. न्हायतर भांडण म्हंजे फुटतं पाणी, फुटायच्या आधी सोड, हे त्याला सुचलं नसतं."

विनेशनं शेवटचा घाव घातला.

पाणी दोरीएवढं आलं, मग मनगटाएवढं. पण ते तळ्यातून खाडीत जात नव्हतं. खाडीच आत येत होती.

विनेश बघत राहिला.

"भरती बघितलीस?" नीराबाई म्हणाली. "ओहोटीला कापतात, येड्या. शेंबड्या पोराला कळतं. वाईट करायला निघालास, तर त्यालाही दम निघाला न्हाय."

त्यानं ढेकूळ टाकलं. पाण्यानं ते गिळलं. दुसरं टाकलं, तेही गेलं. दोन्ही कडांची माती ढासळू लागली. तळं काठोकाठ आलं.

बांध फुटला की "खांड" म्हणून हाक द्यायची, आणि हाक कानावर आली की घरटी एक माणूस धावत यायचं. मग कुणाची कुणाशी बोलाचाली असो नसो. हा रिवाज त्या खारीत कुणी मोडला नव्हता. आणि बांधाला सगळ्यांत जवळचं घर काळूरामचं.

"हाक मार," नीराबाई म्हणाली.

"तो येईल, आई."

"येऊ दे की."

"तूच मार ना."

नीराबाई ओरडली की पलीकडच्या पाड्यातली कुत्री उठत. आज तिनं ओठ घट्ट मिटले. चप्पल पोटाशी धरून ती नुसती उभी राहिली. पाणी तळ्याच्या काठावरून भातात सांडायला लागलं.

"खांड!" विनेश ओरडला. "खांड पडली! धावा!"

पहिला आला तो काळूरामच. काही न विचारता तो खांडीत उतरला आणि खाडीकडं पाठ करून आडवा उभा राहिला. "बघतोस काय? पेंढा आण! चिखल लाव!" विनेशही उतरला. खांद्याला खांदा लागला. मागून माणसं आली, मेढी ठोकल्या, पेंढा नि चिखल थापला. भरती सरता सरता खांड बुजली. तळ्याशेजारची एक पट्टी भात तेवढं गेलं. ती पट्टी विनेशची होती.

काळूराम वर आला. धापा टाकत त्यानं बांधाच्या उरलेल्या कडेवरून हात फिरवला. कड सुरीनं खरवस कापावा तशी सरळ होती.

"हे खेकड्यानं पोखरलेलं न्हाय," तो म्हणाला.

त्यानं विनेशच्या फावड्याकडं पाहिलं, मग नीराबाईकडं. "प्रार्थनेला जाता ना तुम्ही घरचे? हेच शिकवतात का तिथं?"

विनेशची मूठ दांड्यावर आवळली. मानेची शीर वर आली. त्याचा एक पाय पुढं पडला.

नीराबाईनं दोन्ही चपला त्या पायापुढं ठेवल्या.

विनेशनं खाली पाहिलं. पाय चिखलानं माखला होता. अंगठा पट्ट्यात जाईना, घसरला. त्यानं पुन्हा घातला. ओठ हलत होते, आवाज नव्हता. मग दुसरा पाय. कुणी हललं नाही.

"मी कापला," तो म्हणाला. "काळूदादा, मी कापला."

काळूरामनं तोंडावरचा चिखल पुसला. "माझ्या तळ्याचा काठ झिरपतो, मला ठाऊक हाय. पण येऊन बोलायचंस की रे."

"तुझ्याशी मी मागनं बोलते, काळूराम," नीराबाई म्हणाली. "ठाऊक होतं तर बुजवलास का न्हाय, ते सांगायची तयारी ठेव."

मग ती लेकाकडं वळली.

"फावडं आजपासून काळूरामच्या पडवीत राहील. लागलं की त्याच्याकडं मागायला जायचं. आणि चप्पल घालून जायचं."