गडावरचं मागणं

"हिला काहीच झालेलं नाही," रिपोर्ट बाजूला ठेवत डॉक्टर म्हणाले. "सांधे अगदी ठणठणीत आहेत पोरीचे."

वनमालाला हायसं वाटलं. तिच्या तेरा वर्षांच्या लेकीचा, शिवकन्येचा चेहरा मात्र पडला. महिनाभर तिला पेनसुद्धा धरता येत नव्हतं. बोटं ठणकायची, अगदी आईसारखीच. आईची बोटं तर संधिवातानं चार वर्षांत पार वाकडी झाली होती.

केजच्या स्टँडवर एसटीची वाट बघताना वनमालानं विचारलं, "खरं सांग शिवे, शाळा बुडवायला करतीस का हे?"

"न्हाई गं. खरंच दुखतंय." पोरगी खाली बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "आपण नारायणगडाला गेलतो ना, तवा मी देवाला म्हणलं होतं, आईचं अर्धं दुखणं मला दे."

वनमालानं झटकन तिच्याकडे पाहिलं.

"तुझं कमी झालंय ना, आई?"

त्याच दिवशी सकाळी वनमालाला पदराची पिनसुद्धा लावता आली नव्हती. हातातून तीनदा खाली पडली, शेवटी तिनं ती तशीच ठेवून दिली होती. पण लेक डोळ्यांत जीव आणून बघत होती. वनमालानं वाकड्या बोटांनी जड पिशवी उचलून दाखवली.

"व्हय बाई. लई कमी झालंय बघ."

कित्येक महिन्यांनी शिवकन्या हसली.

"मंग आता गडावर गेलो की उरलेलं बी मागते."