घडीच्या खुणा

पोळपाटावर पांढरे मऊ फडके अंथरून झुंबरबाईंनी त्यावर सुनेचे मंगळसूत्र आडवे ठेवले. बोटांनी नव्हे, पदराच्या टोकात धरून. नवरा गेल्यापासून सौभाग्याच्या वस्तूला उघड्या हाताने शिवायचे नाही, हा नेम त्यांनी स्वतःच स्वतःला घालून घेतला होता.

मंगळसूत्र नव्या पद्धतीचे होते. चपटी सोन्याची साखळी आणि मध्ये दोन इवल्या वाट्या. अशी साखळी गळ्यावर पाण्याच्या ओघळासारखी निजते. पण एकदा दुमडली, की दुमडल्याची खूण सहजासहजी सोडत नाही.

"सोनाराकडं न्यायला नको," झुंबरबाई म्हणाल्या. "बेलापुरात सोनाराला कळलं म्हंजी गावाला कळलं. धर तिकडून."

ज्ञानेश्वरीने दुसरे टोक धरले. झुंबरबाईंनी गरम पाण्यातला चमचा काढून पुसला आणि त्याची पाठ दुमडीच्या उलट बाजूने हलके हलके फिरवू लागल्या.

"ओढू नको. ताणली की गेली. हिला नुसतं गोंजारायचं." आणि त्याच सुरात, "कशी मुरडली म्हनलीस?"

"झोपंत, आत्या." सासूला ती आत्याच म्हणे.

"झोपंत मुरडती ती एका जागी, मानंखाली. ही बघ. हितं, हितं आन् हितं. सारख्या अंतरावर. झोपंत घडी घालती व्हय तू? लुगड्यावानी?"

ज्ञानेश्वरी हसली, पण ते हसू ओठांवरच विरले. बाहेरच्या रस्त्याने उसाचा ट्रॅक्टर गेला. मांडणीतली भांडी किणकिणली आणि पोळपाटावरच्या वाट्याही क्षणभर थरथरल्या.

"काल श्रीरामपूरला गेल्तीस. ब्लाउज शिवाया टाकला म्हनलीस."

"व्हय."

"आन् शिंपी गळ्यातलं उतरवून माप घेतो?"

ओंकार संगमनेरच्या दूध संघातून संध्याकाळी घरी यायचा होता. आपल्या मुलाला आज काय सांगायचे, ते झुंबरबाईंना त्याआधी ठरवायचे होते. लग्न झालेल्या बाईने गळ्यातले उतरवावे, घडी घालून लपवावे आणि परगावी हिंडून यावे, याचा अर्थ त्यांना एकच ठाऊक होता.

"कुनासाठी काढलं गं?"

ज्ञानेश्वरीचा चेहरा उतरला. हातातले टोक मात्र तिने सोडले नाही. "तसलं काय न्हाई, आत्या."

"मग कसलं हाय?"

झुंबरबाई साखळीवर वाकल्या. सांध्यांत मळ बसला होता. तो निघाल्याशिवाय साखळी सरळ होणार नव्हती. त्यांनी फडक्याचे टोक कपड्यांच्या साबणाच्या पाण्यात बुडवले आणि साखळीवरून एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत फिरवले.

फडके लाल झाले.

ज्ञानेश्वरीचा हात झटकन स्वतःच्या गळ्याकडे गेला. झुंबरबाईंनी फडके आधी खिडकीच्या उजेडात धरले, मग नाकाशी नेले. रक्त नव्हते. साबण लागला की हळद लाल होते, हे धुण्याच्या दगडापाशी जन्म गेलेल्या बाईला कोणी सांगायला नको होते. त्यांनी सुनेचा हात बाजूला केला. ब्लाउजच्या काठावर, मानेभोवती, एक पुसट पिवळी रेघ होती.

हळदीत भिजवलेल्या दोऱ्याची. दवाखान्यात गळ्यातले उतरवावे लागले, तर गळा घटकाभरही मोकळा राहू नये म्हणून बाईला हळकुंडाचा दोरा बांधतात. झुंबरबाईंच्या ऑपरेशनच्या वेळी तो त्यांच्या सासूने बांधला होता. या मुलीने तो एकटीने, हात मागे नेऊन, चाचपडत बांधला असणार.

"कोनता दवाखाना?" त्यांचा आवाज खाली आला होता.

"नगरचा. मशीनीत निजवत्यात. अंगावर धातूचं काहीच चालत न्हाई." ज्ञानेश्वरी साखळीकडे पाहत बोलत होती. "छातीत गाठ लागतीया, आत्या. काखंच्या अंगाला."

"ओंकारला ठावं हाय?"

"न्हाई. कळल्यावर सांगनार हुते, काय हाय ते. सोमवारी परत बोलवलंय. परत काढावं लागंल."

झुंबरबाईंनी चमचा पुन्हा गरम पाण्यात बुडवला, पुसला. एक खूण मिटली, मग दुसरी. तिसरी हटेना.

"रुमालात घडी घालून पर्समधी कोंबली असशील. मुरडनार न्हाई तर काय हुईल?" झुंबरबाई पुटपुटल्या. "सोमवारी मी येते संगं."

"तुमी कशाला, आत्या..."

"दोरा कोन बांधनार? आन् ही कुनी धरायची, त्या मशीनवालीनं?"

त्यांनी पदर सोडून दिला आणि उजवा हात पोळपाटावर उताणा ठेवला. बांगड्या उतरल्यापासून त्या मनगटावर काही चढले नव्हते.

"गुंडाळ. बघू, घडी न घालता बसती का."

ज्ञानेश्वरी घुटमळली. "आत्या, तुमी शिवत न्हाई ना..."

"गुंडाळ म्हनते ना."

तिने साखळीचा वेढा दिला, मग दुसरा. सोने सुरकुत्यांवर सपाट बसले. न मिटलेली ती एक खूण नेमकी नाडीवर येऊन टेकली, आणि तिथे ती हळूहळू हलत राहिली.