गव्हाएवढा पुढं

संध्याकाळचं ऊन रंकाळ्यात विरघळत होतं. पाण्यावर पिवळी झाक चढली होती आणि पलीकडचा काठ झोपेत बघितल्यासारखा हलत होता. अलीकडं, दगडी नंदीपुढं आकाराम उभा होता. उभा म्हणजे, सगळा भार अंबूबाईच्या खांद्यावर टाकून. अंगावरनं वारं गेल्यापासून डावा पाय त्याचं ऐकत नव्हता.

येणारे-जाणारे वळून बघत होते. हाच माणूस गुऱ्हाळावर उकळत्या काहिलीपुढं घाम गाळत होता, तेव्हा एकानं ढुंकून बघितलं नव्हतं. बायको नवऱ्याला चालवतेय, हे बघायला मात्र सगळ्यांना सवड.

"बास झालं," आकाराम म्हणाला. "उद्या मला मलकापूरला भावाकडं सोड. गोठ्याशेजारी खोली हाय. पडून ऱ्हाईन. तू तुझी खानावळ बघ."

अंबूबाईनं त्याला कट्ट्यावर टेकवलं. बाजाराची पिशवी शेजारी ठेवली.

"ह्यो नंदी रोज सरकतोय, ठावं हाय न्हवं?"

"कोल्हापुरात कुणाला ठावं न्हाय? गव्हाएवढा पुढं आन् तांदळाएवढा मागं. म्हंजे हाय तिथंच. तुझ्या नवऱ्यागत."

"कुठला तांदूळ?"

"आं?"

तिनं पिशवीत हात घातला. गव्हाचा एक दाणा आणि तांदळाचा एक, कट्ट्यावर शेजारी शेजारी मांडले. तांदूळ आजऱ्याचा घनसाळ, बुटका. गव्हाशेजारी तो कमी पडला.

"तुम्ही लगनातला लांबडा बासमती धरून बसलायसा. नंदी जुना हाय. त्येच्या येळला ह्योच तांदूळ हुता. गव्हातनं तांदूळ वजा केला की ऱ्हातंय तेवढा त्यो रोज पुढं जातोय."

आकाराम वाकला. दोन्ही दाण्यांमधला फरक केसाएवढा. पण तिरप्या उन्हात दाण्यांच्या सावल्या लांब पडल्या होत्या, आणि फरकाचीही सावली पडल्यासारखी वाटत होती. त्यानं मान वर केली. नंदीच्या वशिंडावरनं ऊन घसरलं आणि दगडानं श्वास घेतल्यासारखं झालं.

"पाण्याला पोचला की जग बुडतंय म्हणत्यात," तो पुटपुटला.

"बुडू दे. ह्या जगानं आपल्यासाठी काय दिवं लावल्यात? उठा."

तो उठला. कपाळाची शीर फुगली, ओठ वाकडा झाला. टाच दगडावर खरडली. अंबूबाई खाली बघत राहिली. मग त्याच्या डाव्या पायाचा अंगठा हलला. सरकला की थरथरला, हे कुणी सांगावं. तिला विचारलं तर ती सरकलाच म्हणेल.

"उद्या मागं गेला म्हंजे?" त्यानं विचारलं.

"जाईल की. तांदळाएवढाच."

भेळेचा पुडा हातात धरून एक पँटवाला मघापासून वाटेत उभा होता. आता कीव येऊन तो पुढं झाला.

"पावणं, धरू का? कुठं जायचंय?"

आकारामनं त्याला खालपासून वरपर्यंत बघितलं. मग समोरच्या पाण्याकडं.

"सरका," तो म्हणाला. "जग बुडवायला निघालोय."