चालून दाखव

गेल्या महिन्यात लोणी काळभोरहून मैत्रीला बघायला पाहुणे आले होते. “जरा चालून दाखव,” म्हणाले, तेव्हा “पाय दोनच आहेत, बसल्या बसल्या मोजा,” असं सुनावून तिने त्यांना वाटेला लावलं. तिची आई, ललिताबाई, वरवर रागावल्या. मनातून मात्र सुखावल्या.

आज राष्ट्रीय सौंदर्यस्पर्धेच्या पुण्यातल्या निवड फेरीत ललिताबाई दाराच्या काचेतून बघत होत्या. परीक्षकांनी मैत्रीची उंची मोजली, दात बघितले, पुन्हा पुन्हा चालायला लावलं. पोरगी हसत हसत चालत राहिली.

परीक्षक बाहेर आले. “परदेशी पाठवायची मुलगी, विचार करावा लागतो. कळवतो.”

ललिताबाईंचे हात आपसूक जोडले गेले.

“आमच्या पोरीला पदरात घ्या.”