धाकटीचा राजवाडा

कुणाचा विश्वास बसणार नाही, पण शिवणकामाच्या त्या एवढ्याशा दुकानात उभ्या उभ्या थोरलीने सकाळपासून अख्खा राजवाडा पालथा घातला होता. परदेशी शिकायला गेलेली धाकटी बहीण सुट्टीत तो बघायला गेली होती आणि मिनिटामिनिटाला फोटो धाडत होती. एका हाताने फोन सरकवत, दुसऱ्या हाताने कापड कापत थोरली ते काज-बटणं करणाऱ्या मावशींना तिखटमीठ लावून सांगत होती.

“मावशी, बाग केवढी म्हणाल! माळी गवत कापत या टोकाहून त्या टोकाला पोचेपर्यंत मागचं पुन्हा कमरेएवढं होतं. आणि राणीचा पलंग एवढा ऐसपैस, की राजाने एकदा कूस बदलली, तो तिसऱ्या दिवशी सापडला!”

“असेल बाई,” मावशी सुईत दोरा ओवत म्हणाल्या.

“मजा आहे बाईसाहेबांची! अर्ज दोघींनी भरले होते, निवडही दोघींची झाली होती. पण दुकान कुणीतरी सांभाळायला हवंच होतं ना.” थोरलीची कात्री कचाकच चालली. “मला विचाराल तर उन्हातान्हात पायपीट करण्यात काय ठेवलंय? मला नाही हो तिचा एवढासुद्धा हेवा वाटत.”

मावशींनी टेबलावरचे दोन तुकडे उचलले, एकावर एक ठेवून पाहिले.

 

“बाकी सगळं मानलं गं पोरी, पण हे खोटं. आज पहिल्यांदाच दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या कापल्यास.”