थोरल्याच्या मांडीतला रॉड

"अस्थी वहिनींकडे द्या," धाकटा म्हणाला. "रॉड मला हवाय. माझ्या हातात."

विद्युतदाहिनीच्या ऑपरेटरने कपाळावरचा घाम पुसला. दाहिनी अजून निवत होती. लोकांनी त्याच्याकडे अंगठी मागितली होती, सोन्याचा दातही मागितला होता. मांडीतला रॉड आजवर कुणी मागितला नव्हता.

"आम्ही ते सगळं त्या ड्रममध्ये टाकतो," त्याने कोपऱ्याकडे बोट दाखवलं. "खुबे, गुडघे, पट्ट्या, स्क्रू. हार्डवेअर म्हणतो आम्ही त्याला."

"घ्या! इथेसुद्धा हार्डवेअरच," धाकटा म्हणाला आणि हसला. ते हसू काही चांगलं नव्हतं.

केस पिकले तरी बाजारात सगळे त्याला धाकटाच म्हणत. थोरला भाऊ आत राख होऊन पडला होता आणि याच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. राग मात्र काठोकाठ भरला होता.

हार्डवेअर या एका शब्दाने त्याचं वाटोळं केलं होतं. तरुणपणी त्याला कॉम्प्युटरच्या हार्डवेअरचं वेड होतं. सर्किट, चिप, सोल्डरचा तो वास. दूरच्या शहरात एका कंपनीत नोकरीही पक्की झाली होती, फक्त बॅग भरायची बाकी होती. थोरल्याला ते पटलं नव्हतं. वडिलांच्या मागे बिजागऱ्या, कड्या, खिळ्यांचं दुकान एकट्याने ओढायचं त्याच्या अगदी जिवावर आलं होतं.

आणि नेमकं तेव्हाच ते घडलं. थोरला वरच्या फळीवरून तोट्यांचं खोकं काढायला शिडीवर चढला होता. शिडी धरायचं काम धाकट्याचं. त्याचं लक्ष काउंटरवर उघडून ठेवलेल्या सर्किट बोर्डाकडे गेलं, हात सुटला आणि थोरला खोक्यासकट खाली आला.

वहिनींचा भाऊ परगावी डॉक्टर होता. वहिनी थोरल्याला घेऊन तिकडे गेल्या. धाकटा दुकानात थांबला, कुणीतरी थांबायला हवंच होतं. थोरला परत आला तो काठी टेकत.

"मांडीत रॉड घातलाय. हार्डवेअर बसवलंय, असं म्हणाले डॉक्टर," तो म्हणाला. "शिडी बंद, ओझं बंद. तू जा खुशाल नोकरीला. माझं काय, बघेन मी कसंतरी."

कसला जातोय! धाकट्याने नोकरीवर पाणी सोडलं आणि स्वतःला घाण्याला जुंपून घेतलं. लग्नाचंही मग राहूनच गेलं. थोरला गल्ल्यावर बसायचा आणि धाकटा शिडीवर चढायचा. गिऱ्हाईकांसमोर थोरला काठीने मांडीवर टकटक करून म्हणायचा, "ही आमच्या धाकट्याची कृपा." गिऱ्हाईक हसायचं. धाकटा खिळे मोजत राहायचा. जखम बघायची तर त्याला कधी हिंमतच झाली नाही.

एक निवृत्त फौजी गिऱ्हाईक सांगायचं, सैन्यात तोफा-बंदुकांनाही हार्डवेअर म्हणतात. तेवढंच काय ते धाकट्याच्या वाट्याला आलं नव्हतं, आणि ते बरंच झालं. थोरला काठी वाजवायचा तेव्हा धाकट्याच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

आता तो रॉड त्याला दुकानाच्या दारावर ठोकायचा होता. मग शटर ओढायचं आणि कायमचं निघून जायचं. चूक केली होती, ती फेडून झाली होती. फिटल्याची खूण म्हणून त्याला तेवढं लोखंड हवं होतं.

"चला ना, भावजी," बाकावरून वहिनी म्हणाल्या. "अस्थी मिळाल्या की झालं. ते लोखंड कशाला हवंय तुम्हाला?"

"कशाला? उभा जन्म वाहिलंय मी ते!"

"माणूस गेला. आता तरी सोडा."

"त्याने सोडलं का मला? एक दिवस तरी सोडलं?"

वहिनींनी मान खाली घातली. "नका मागू हो," त्या हळूच म्हणाल्या. "माझं ऐका."

"आजवर तुमच्या घरात दुसरं काय केलं? ऐकलंच की," धाकटा कडाडला आणि ऑपरेटरकडे वळला. "काढा."

ऑपरेटरने ट्रे बाहेर ओढला आणि राखेवरून मोठं लोहचुंबक फिरवलं. चुंबकाला काही चिकटलं नाही.

"चुंबकावर जाऊ नका," धाकटा खेकसला. "या धंद्यात हाडं झिजवलीत मी. शरीरात घालतात त्या स्टीलला चुंबक लागत नाही. चाळा."

ऑपरेटरने निमूटपणे चाळणी घेतली. राख खाली गेली, वर अस्थींचे पांढरे तुकडे राहिले. त्याने ते चिमट्याने एकेक बाजूला केले. मग पुन्हा पहिल्यापासून बघितले.

"साहेब, यात रॉड नाही. एक स्क्रूसुद्धा नाही."

"नाही म्हणजे? एवढा हातभर रॉड वितळला? का आधीच भंगारात घातलात?" धाकट्याने त्याची कॉलर धरली. "की दुसऱ्याच कुणाची राख गळ्यात मारताय आमच्या?"

"तुमच्या डोळ्यांदेखत दार उघडलंय, साहेब. आज इथे दुसरं कुणी आलेलंच नाही."

"खोटं बोलू नकोस! माझं सगळं आयुष्य गेलंय त्या रॉडपायी. तो घेतल्याशिवाय इथून हलणार नाही मी!"

वहिनी उठल्या. जवळ येऊन त्यांनी त्याची बोटं ऑपरेटरच्या कॉलरवरून एकेक करून सोडवली.

"त्यांच्यावर कशाला ओरडता, भावजी," त्या म्हणाल्या. "ह्यांचा पाय नुसता मुरगळला होता."